सात मिनिटांची खोली

रीडिंगकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने शेवटची हाक बहुतेक शाळेच्या हजेरीतच कुणीतरी मारली असेल. पुढे एकतीस वर्षं ते पाणी खात्यात मीटर वाचायला होते. दारोदार जायचं, मागच्या अंगणात वाकायचं, लोखंडी झाकण उचलायचं, आकडा वहीत टिपायचा, पुढचं दार. म्हणून अख्खा भाग त्यांना रीडिंगकाका म्हणतो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी म्हणतोच, कारण माणूस निवृत्त झालाय, सवय कुठे झालीय. कुणाकडे चहाला गेले की नवा सोफा बघणार नाहीत, भिंतीवरचे फोटो बघणार नाहीत, आधी कान टवकारणार. "तुमच्या बाथरूममधला नळ ठिबकतोय." चहा नंतर. एका लग्नात सगळे फोटोसाठी उभे आणि काका गायब, शेवटी सापडले हॉलच्या मागे, गुडघ्यांवर, नव्या शर्टाच्या बाह्या चिखलात. "आत कुणी पाणी वापरत नाहीये आणि काटा फिरतोय," एवढंच म्हणाले, पण असं म्हणाले की जणू कुणाचा जीव चाललाय.

काही वाया गेलेलं त्यांना बघवत नाही. मग ते पाणी असो, वीज असो की अर्धा खाल्लेला पाव. घरात सगळे यावरून त्यांची भरपूर टिंगल करतात आणि तेही ती मुकाट ऐकून घेतात, कारण त्यांच्या मते हसण्यात निदान काही वाया जात नाही.

पण गेल्या वर्षीच्या सुट्टीनंतर काकांचं हसणं बंद झालं होतं. कारण काकू.

झालं असं की गेल्या वर्षी सुट्टीची जागा जावयाने निवडली होती. जावई माणूस लाखातला, सासूसासऱ्यांवर जीव टाकणारा, फक्त एक गोष्ट, फोनवर फोटो छान दिसला की त्याचं बोट थांबत नाही. त्याने निवडलेलं हॉटेल तळ्याकाठच्या एका छोट्या गावाचं म्हणून लिहिलेलं होतं, आणि होतं कुठे, तर गावापासून चौदा किलोमीटर वर, डोंगरावर. पोहायचा तलाव, काचेची भिंत, उशांवर उशा. आजूबाजूला काय, तर काही नाही. ब्रेड आणायचा, गाडी काढा. डोकेदुखीची गोळी आणायची, गाडी काढा. तळं बघायचं, गाडी काढा. आणि रस्ता कसला तर नुसती वेटोळी, पहिल्याच दिवशी काकूंना इतकं मळमळलं की पुढचे तीन दिवस त्या खोलीतच बसल्या, टीव्हीसमोर, आवाज बंद करून. ज्या तळ्यासाठी गेले ते तळं त्यांनी एकदाच पाहिलं. तेही गाडीतून. तेही तळं उजवीकडे आणि काकू डावीकडे बसलेल्या, म्हणजे खरं तर जावयाचा कान पाहिला आणि कानाच्या पलीकडे थोडं तळं.

घरी आल्यावर काकूंनी बॅग रिकामी केली, कपाटावर टाकली आणि अगदी सहज, भांडी पुसत असल्यासारखं म्हणाल्या, "पुढच्या वर्षापासून तुम्ही जात जा. मी घरी बरी."

भांडल्या असत्या तर काका निर्धास्त झाले असते. पण ज्या बाईने लग्नाला छत्तीस वर्षं झाली तरी स्वतःसाठी काही म्हणून मागितलं नाही, ती असं शांतपणे म्हणते तेव्हा ते पक्कं असतं. आणि काकांना हेही माहीत होतं की तिला काय हवं होतं, कारण ती एकदा बोलून गेली होती, खूप आधी, कांदा चिरता चिरता. तिला पाण्याकाठी एकटीने बसायचं होतं. मनात येईल तेव्हा जायचं, पुरे झालं की उठायचं. कुणी किल्ली वाजवत "चला" म्हणायचं नाही. एवढंच. आणि एवढं करायला माणसाला गाडी लागू नये, गाडी लागली की गाडीवाला लागतो, गाडीवाला लागला की "चला" आलंच.

म्हणून यंदा जेवायला सगळे बसलेले असताना काकांनी चमचा खाली ठेवला आणि जाहीर केलं, "यंदा त्याच तळ्यावर जायचं, पण खोली मी बघणार."

लेकीने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने वाटीत बघितलं.

"बाबा, तुम्ही खोली बघणार म्हणजे पाइप बघणार," लेक म्हणाली.

"बघेन की. तुझ्या नवऱ्याने उशा बघितल्या, काय झालं?"

"बाबा, व्ह्यू होता ना पण," जावई म्हणाला.

"व्ह्यू होता जावईबापू, पण तो तुमच्या टाकीतल्या पेट्रोलवर चालायचा. लांबचं हॉटेल म्हणजे गळका नळ, लक्षात ठेवा. पाणी टँकरने वर, भाजी टेम्पोने वर, चादरी धुवायला खाली, धुऊन परत वर, आणि आपण दिवसातून चारदा खाली-वर. चोवीस तास थेंब थेंब चाललंय आणि ते लोक काय करतात, तर बाथरूममध्ये पाटी लावतात, टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा. अरे मुख्य पाइप फुटलाय आणि तुम्ही टॉवेलाला बूच लावताय. खोली जागच्या जागी घ्यावी. स्टेशन चालत, पाणी चालत, ब्रेड चालत. अर्धी गळती तिथेच बंद."

"आणि आई?" लेकीने विचारलं. "आई येणारच नाही म्हणतेय."

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी आमटीचं भांडं उगाच थोडं सरकवलं. "गाडीत बसायचं नसेल तर येते," त्या म्हणाल्या. "पण एकदा जरी गाडीत बसवलंत ना, तर ही शेवटची. नंतर मला विचारायचं नाही."

झालं, म्हणजे काकांची परीक्षा, आणि पुनर्परीक्षा नाही.

मग जे सुरू झालं ते घरच्यांना आठवडाभर पुरलं. काका वही घेऊन फोनजवळ बसायचे आणि लॉजवाल्यांना फोन लावायचे.

"स्टेशनपासून किती लांब?"

"पाच मिनिटं हो फक्त."

"कशाने पाच मिनिटं?"

"म्हणजे?"

"चालत, गाडीने, की विमानाने?"

पलीकडून बहुतेक वेळा फोन ठेवला जायचा. एकाने सांगितलं तळं अगदी समोर आहे, तर काकांनी विचारलं समोर म्हणजे मध्ये काय आहे, तर मध्ये हायवे होता. एकाने सांगितलं खोलीतून पाणी दिसतं, खोदून खोदून विचारल्यावर ती गच्चीवरची टाकी निघाली. काका प्रत्येक नावापुढे फुली मारायचे. लेक येता-जाता म्हणायची, "बाबा, पोलीस चौकशी झाली का संपून?" आणि जावई बिचारा गुपचूप फोनवर फोटो दाखवायचा, "हे बघा ना, इथे झोपाळा पण आहे," आणि काका चष्मा वर करून म्हणायचे, "झोपाळा स्टेशनपासून किती लांब?"

शेवटी काकांनी ते केलं जे जगात फक्त मीटर वाचणाराच करेल. त्यांनी त्या तळ्याकाठच्या गावाच्या पाणी खात्यात फोन लावला आणि म्हणाले, तुमच्याकडे मीटर कोण वाचतं त्यांना द्या.

कारण काकांचं पक्कं मत आहे की गाव खरं कुणाला माहीत असतं तर मीटर वाचणाऱ्याला. त्याला नळाचं खरं कळतं, कुत्र्याचं खरं कळतं, आणि कुठलं घर कुठून किती पावलं हे तर त्याच्या पिंढऱ्यांनाच कळतं. फोनवर आली ती एक बाई. बावीस वर्षं तेच काम. ओळख सांगायला अर्धं मिनिट आणि मग पाऊण तास नुसत्या गप्पा, गंजलेली झाकणं, चावणारी कुत्री, भुंकणारी माणसं, मीटरवर मुद्दाम कुंड्या ठेवणारे लोक. काका इतके हसले की काकू स्वयंपाकघरातून डोकावून गेल्या. ते हसणं त्यांनीही बऱ्याच महिन्यांनी ऐकलं होतं.

"दादा, डोळे झाकून त्या जुन्या छापखान्याच्या मागच्या लॉजमध्ये उतरा," मीटरवाली म्हणाली. "साधं आहे, स्वच्छ आहे, एक नळ गळत नाही. स्टेशनपासून सात मिनिटं. तळं चार."

"चालत?"

"मग काय, मला कुणी गाडी दिलीय?"

काकांनी वहीत लिहिलं, सात आणि चार, आणि खाली दोन रेघा ओढल्या. रस्ताही लिहून घेतला. स्टेशनच्या मागच्या फाटकातून बाहेर, भिंतीच्या कडेकडेने, दोन लोखंडी झाकणं ओलांडायची, वाकलेला पाइप दिसला की उजवीकडे, लाकडी दार, अंगण, लॉज. मग आठवडाभर ज्याला त्याला सांगत सुटले. दूधवाल्याला सांगितलं. डॉक्टरने काकूंच्या गुडघ्याबद्दल विचारलं तर त्यालाही सांगितलं, सात आणि चार.

निघाले चौघं, रेल्वेने. जावयाने गाडी घरी ठेवली, पण निघताना तिच्या छतावरून असा हात फिरवला की लेकीला हसू आवरेना. रेल्वेत काकू खिडकीशी बसल्या. मळमळ नाही, काही नाही. डबा उघडून सगळ्यांना वाढलं, एक डुलकी काढली, आणि सकाळी अकराच्या सुमाराला ते छोटंसं स्टेशन आलं.

काकांनी फलाटावरच मनगट पुढे केलं. "घड्याळ लावा जावईबापू. सात मिनिटं."

"आईंचा गुडघा धरून की सोडून?"

"धरून आठ."

मागचं फाटक सापडलं. भिंत सापडली. पहिलं झाकण आलं तेव्हा काकांनी त्यावर पाय असा ठेवला जसा मित्राच्या खांद्यावर हात ठेवतात. दुसरं झाकण. डावीकडे झाडांमधून काहीतरी चमकत होतं. काकू थांबून म्हणाल्या, "ते तळं का हो?" आणि काका म्हणाले, "ते काय पळून जातंय, आधी खोली." वाकलेला पाइप. उजवीकडे. सहा मिनिटं झाली होती आणि काकांची छाती दीड इंच वर आली होती.

लाकडी दार होतं. आतून बंद. दारावर पाटी होती, पांढऱ्या रंगाने हाताने लिहिलेली. 'हा रस्ता नाही. फक्त पाण्याच्या रीडिंगसाठी.'

चौघं ती पाटी वाचत उभे राहिले. काकांनी दोनदा वाचली.

आणि मग काय झालंय ते त्यांच्या लख्ख लक्षात आलं. मीटर वाचणारा माणूस रस्त्याने चालतच नाही. मीटर मागे असतात, म्हणून तो मागून चालतो, याच्या अंगणातून त्याच्या बोळात, याचं फाटक, त्याची मागची पायरी, आणि लोक त्याला दारं उघडतात, कारण तो पाण्याचा माणूस. बाईने खोटं काही सांगितलं नव्हतं. तिच्यासाठी सातच मिनिटं होती. काकांना कुणी त्यांच्या भागातलं घर विचारलं असतं तर त्यांनीही अगदी हेच सांगितलं असतं, आणि पाहुणा असाच कुणाच्या तरी बंद दारासमोर बॅगा घेऊन उभा राहिला असता. एकतीस वर्षं हातातल्या वहीमुळे उघडत असलेली दारं आपल्यासाठीच उघडतात असं त्यांना वाटत होतं.

जावयाने फोन काढला. त्याला खरंच आनंद झाला नव्हता, हे मान्य करायला हवं, पण चेहरा सरळ ठेवायला कष्ट पडत होते. "रस्त्याने जायचं तर छापखान्याला पूर्ण वळसा आहे, बाबा. चढ आहे. सव्वीस मिनिटं दाखवतंय. चालत."

काकू हळूच बॅगेवर बसल्या आणि गुडघ्यावर हात ठेवला.

"गाडी बोलवू का?" जावयाने अगदी हळू विचारलं.

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू पाटीकडे बघत होत्या. रागावलेल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. चेहरा तोच होता, कपाटावर बॅग टाकतानाचा.

"एक मिनिट," काका म्हणाले आणि फोन लावला.

"अहो मग दार वाजवायचं ना," मीटरवाली म्हणाली, मागे कुत्रं भुंकत होतं. "मला उघडतात."

"तुम्हाला उघडतात, कारण तुम्ही तुम्ही आहात."

"अगंबाई, हो की," बाई म्हणाली आणि इतकी हसली की कुत्रंसुद्धा गप्प झालं. "मी गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे हो दादा. पण त्या अंगणातली बाई चांगली आहे. तोंडाने फटकळ आहे फक्त."

काकांनी फोन ठेवला. दार ठोठावलं. आणि तोंड उघडलं ते 'कुणी आहे का' म्हणायला, पण एकतीस वर्षांचा घसा तो, त्यातून निघालं, "पाण्याचं रीडिंऽऽग."

लेकीने कपाळावर हात मारला.

आतून आवाज आला, "काल घेऊन गेलात ना. आज काय परत द्यायला आलात?"

दार उघडलं. पन्नाशीची बाई, कोपरापर्यंत ओले हात. तिच्या मागे अंगणभर चादरी, पांढऱ्या, दोऱ्यांवर दोऱ्या, आणि चादरींच्या पलीकडे, वीस पावलांवर, लॉजचं मागचं दार. ती धोबीण होती, गावातल्या लॉजच्या चादरी तिच्याकडे धुवायला यायच्या. काका सांगू लागले, मीटरवाली, सात मिनिटं, गुडघा, तळं, वाकलेला पाइप, सगळं एका दमात आणि उलट्या क्रमाने.

"थांबा," बाई म्हणाली. "तुम्ही रीडिंगवाले आहात की नाही?"

"होतो."

"होतो म्हणजे नाही. आज तुम्हाला सोडलं तर उद्या अख्खं लॉज माझ्या चादरींतून जाईल. मागच्या वर्षी एकाने बूट पुसले होते. रस्त्याने जा."

दार लागणारच होतं. पण तेवढ्यात वारा आला, एक मोठी चादर चिमट्यातून सुटली आणि बाई ती धरायला धावली. आता एवढी मोठी ओलसर चादर एकट्या माणसाला घडी घालता येत नाही, एक टोक धरावं तर दुसरं मातीत. बाई हनुवटीखाली एक कडा दाबून हात ताणत होती, पाय वर करत होती, आणि रोज असंच करत असणार हे दिसत होतं.

काकू बॅगेवरून उठल्या. कुणाला काही विचारलं नाही. सरळ आत गेल्या, मातीकडे चाललेली दोन टोकं उचलली, मागे सरकल्या, चादर ताणली. बाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग दोघी पुढे आल्या, टोकाला टोक, मागे गेल्या, झटका, पुन्हा पुढे. घडी. बाईने दुसरी चादर ओढली. तिसऱ्या चादरीला बाई म्हणाली, "उजवा का गुडघा?" काकू म्हणाल्या, "डावा. उजवा पुढच्या वर्षी." चौथीला दोघी हसत होत्या.

"गेल्या वर्षी आलो होतो आम्ही," काकू म्हणाल्या. "वरच्या हॉटेलात."

"काचेचं? त्यांच्याही चादरी माझ्याकडेच येतात. रोज टेम्पो उतरतो, रोज चढतो."

काकू टोक धरून थांबल्या. "म्हणजे माझी चादर तळ्यापर्यंत येऊन गेली आणि मी वरच बसले होते."

धोबीण इतकी हसली की तिला चादर खांद्यावर टाकावी लागली. दारात उभे असलेले काका हसले नाहीत. त्यांना वाटलं होतं की गेल्या वर्षीची सगळी गळती त्यांनी मोजलीय, टँकरची, टेम्पोची, पेट्रोलची. ही कुठेच लिहिलेली नव्हती.

"आता या आत," बाई दाराकडे बघून म्हणाली. "बूट हातात घ्या. आणि ताई, तुम्ही कधीही या-जा. बाकीच्यांचं बघू."

खोलीत पोचले तेव्हा जावयाने घड्याळ पुढे केलं. "एक्केचाळीस मिनिटं, बाबा."

"घड्या घालायचा वेळ वजा करा."

"मग बूट हातात घ्यायचा वेळ धरायचा का?"

"तुम्ही दोघं आधी खाली बसा," लेक म्हणाली.

खोली कशी होती म्हणाल तर खोलीसारखी होती. दोन पलंग, एक टेबल, खिडकीतून छापखान्याची भिंत. व्ह्यू या सदरात काही नाही. जावई ती भिंत थोडा वेळ बघत राहिला, एक फोटो काढला आणि मग काहीच न बोलता फोन खिशात टाकला, मोठेपणा म्हणायचा. काकांनी बाथरूममध्ये जाऊन सगळे नळ कानाने तपासले. एकही गळत नव्हता. मीटरवालीचा शब्द निदान तिथे तरी खरा.

दुपारी सगळे अंगणातून तळ्यावर गेले, चार मिनिटं म्हणजे चारच. लेक कोपऱ्यावरून गरम ब्रेड घेऊन आली, पायी. जावई एकदा विसरलेला चष्मा आणायला परत गेला आणि दहा मिनिटांत आला, आणि मग स्वतःच आश्चर्याने म्हणाला, गेल्या वर्षी याला पाऊण तास लागला असता. काकांनी फक्त मान हलवली. पण मनातून ते खूश नव्हते. कारण काकू त्यांच्याबरोबरच बसल्या होत्या, छान बसल्या होत्या, पण जावयाने "चला, आता पलीकडचा किनारा बघू" म्हटल्यावर सगळ्यांबरोबर उठल्या. सवयीने.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना जाग आली तेव्हा शेजारची चादर नीट घडी करून ठेवलेली होती. काकू नव्हत्या. बाथरूममध्ये नव्हत्या. चपला नव्हत्या. काका आधी घाबरले, कारण छत्तीस वर्षांत ही बाई त्यांना न सांगता कोपऱ्यावर मीठ आणायला गेली नव्हती. शर्ट उलटा घातला, बूट हातात घेतले, अंगणातून गेले, लाकडी दार उघडंच होतं, नुसतं लोटलेलं.

त्या तळ्याकाठच्या बाकावर बसल्या होत्या. एकट्या. पाय थोडे पुढे सोडलेले, हात मांडीवर. पलीकडच्या काठाला एक होडी होती, काळी, ठिपक्याएवढी. काकूंच्या पाठीवरून काही कळत नव्हतं, पण पाठ सैल पडली होती, जशी घरात कुणी नसताना पडते.

काकांच्या तोंडापर्यंत आलं होतं, "चला, चहा गार होतोय." चहा झालाही नव्हता. त्यांनी ते गिळलं. मागे एक लोखंडी झाकण होतं, पाणी खात्याचंच, त्याच्यावर ते टेकले आणि गप्प राहिले, आणि गप्प राहणं त्यांना जमत नाही, हे सगळ्या भागाला माहीत आहे. घड्याळ बघायला तीनदा मनगट वर गेलं. तिन्ही वेळा परत खाली ठेवलं.

"कधी आलात?" काकूंनी मागे न बघता विचारलं.

"आत्ताच."

"खोटं. तुमचे पाय वाजले तेव्हा होडी त्या काठाला होती."

होडी आता जवळजवळ या काठाला लागत होती. वल्हं मारणारा माणूस दिसत होता, त्याची टोपीसुद्धा.

"बसू का?" काकांनी विचारलं.

काकूंनी खरंच विचार केला. "नको," त्या म्हणाल्या, अगदी प्रेमाने. "तुम्ही व्हा पुढे. मी येते नंतर."

"नंतर म्हणजे किती..."

"अहो."

"बरं."

काका उठले आणि परत निघाले. लाकडी दारापाशी आले तर धोबीण कमरेवर हात ठेवून उभी.

"ताई कुठे?"

"येईल नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"मला विचारायची परवानगी नाही," काका म्हणाले.

बाईने त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं, उलट्या शर्टासकट. "आणि तुम्हाला आत जायचंय."

"हो."

"मग धरा."

काकांनी बूट कडेला ठेवले. टोकं धरली. माणूस एकतीस वर्षं आकडे वाचतो म्हणून त्याला चादर येतेच असं नाही. ते मागे जायच्या वेळी पुढे आले, झटका द्यायच्या वेळी टोक सोडलं, डावं उजव्यात गेलं, चादरीचा पीळ झाला. बाई म्हणाली सोडा, पुन्हा. पुन्हा तेच. लॉजच्या मागच्या दारात जावई दात घासत उभा राहिला आणि ब्रश तोंडातच ठेवून बघत बसला, मग लेकीला हाक मारायला गेला, दोघंही आले.

तिसऱ्या पिळाला दार ढकलून काकू आत आल्या. एकट्या, हातात चपला, पाय ओले. किती वेळ बसल्या ते काकांनी मोजलं नव्हतं. काकांच्या हातातल्या चादरीकडे त्यांनी एक नजर टाकली.

"उलटी धरलीय," काकू म्हणाल्या. "शर्टासारखी."

आणि न थांबता, ओल्या चादरींखालून वाकून, खोलीकडे गेल्या.